सकाळी ग्राहक, दुपारी व्यापारी

भारतीय करार कायदा अमलात आला १ सप्टेंबर १८७२ रोजी. पनवेलच्या श्री धूतपापेश्वर या आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्याची स्थापनाही १८७२ चीच. दोहोंचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण दोन्ही दीडशे वर्षे ओलांडून अजून टिकून आहेत आणि पनवेलच्या बाजारपेठेत रोज दोघांचा वापर होतो, एकाचा पैसे मोजून आणि दुसऱ्याचा बहुधा नकळत. पनवेलला तेव्हा नगरपालिका येऊन वीस वर्षे झाली होती. बोर घाट उतरून आलेला माल इथल्या बंदरावरून मुंबईला जाण्याची वहिवाट जुनी होती आणि व्यवहार शब्दावर, ओळखीवर आणि चोपडीतल्या नोंदीवर चालत. करार कायद्याने हा शब्द रद्द केला नाही. लेखी नसलेला करारही करारच, हे त्याने पहिल्यापासून मान्य केले आहे. दोघे राजी असावेत, सज्ञान असावेत, व्यवहार कायदेशीर असावा आणि देण्याच्या बदल्यात काही घेणे असावे, एवढेच त्याचे मागणे.

गाव मात्र ओळखू येणार नाही इतके बदलले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, तळोज्यात औद्योगिक वसाहत उभी राहिली, कळंबोलीत पोलाद बाजार वसला, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. यातल्या प्रत्येक टप्प्यागणिक पनवेलकराच्या कपाटातली फाइल जाड होत गेली. साठेखत, विसार पावती, भाडेकरार, भागीदारी पत्र, डिलिव्हरी चलन, बिल्टी, वॉरंटी कार्ड, ठेव पावती. यातले वाचून सही केलेले कागद किती, हा प्रश्न कोणी कोणाला विचारू नये हेच बरे.

पुढच्या पानांत पनवेल परिसरातल्या दुकानदारांना, लघुउद्योजकांना आणि घर घेणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न घेतले आहेत. प्रश्न विचारणारा साधारणपणे एवढेच विचारतो : "केस होईल का?" उत्तर देणाऱ्याला मात्र आधी दुसरेच काही विचारावे लागते. या व्यवहारात तुम्ही कोण होता, ग्राहक की व्यापारी? एकाच माणसाला एकाच दिवशी दोन्ही उत्तरे लागू पडू शकतात, आणि कायदा त्या दोन माणसांकडे फार वेगळ्या नजरेने पाहतो. ग्राहकाला तो दुबळा पक्ष समजतो, त्याच्या बाजूने झुकतो. व्यापाऱ्याला तो जाणता समजतो आणि त्याने केलेली सही त्याच्याच गळ्यात घालतो.

समजा, खांदा कॉलनीत राहणाऱ्या एकाचे तळोज्यात फॅब्रिकेशनचे छोटे युनिट आहे. घरचा फ्रिज तीन महिन्यांत बंद पडला, तर तो ग्राहक आहे. युनिटसाठी घेतलेले वेल्डिंग मशीन तीन महिन्यांत बंद पडले, तर? इथे उत्तर सरळ नाही, आणि ते शोधायला १९९५ पर्यंत मागे जावे लागते. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या स्वयंरोजगार योजनेखाली सुरू झालेल्या एका मालकीच्या उद्योगाने लाखो रुपयांचे यंत्र मागवले. ते उशिरा आले आणि सदोष निघाले. महाराष्ट्र राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती काढून घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खुद्द त्या उद्योगाच्या हाती तिथे काही लागले नाही. यंत्राचे स्वरूप आणि धंद्याचा आवाका पाहता ही खरेदी व्यापारी हेतूचीच ठरली. पण त्या निकालाने आखलेली रेघ आजही कामाला येते. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक, स्वतः ट्रक चालवणारा ग्राहक, लेथ मशीनवर स्वतः काम करणारा ग्राहक. हाताशी एक-दोन मदतनीस असले तरी तो ग्राहकच राहतो. मात्र माणसे नेमून त्यांच्याकरवी धंदा करणारा मालक ग्राहक नाही. हा विचार त्याआधीच, १९९३ च्या दुरुस्तीने, कायद्याच्या व्याख्येत लिहिला गेला होता.

कळंबोलीत याचा अर्थ काय होतो पाहा. स्वतःचा एकच ट्रक स्वतः चालवणारा ड्रायव्हर इंजिनाच्या तक्रारीसाठी ग्राहक आयोगात जाऊ शकतो. शेजारीच दहा ट्रक उभे करून ऑफिसात बसणाऱ्या मालकाला त्याच कंपनीच्या, त्याच इंजिनासाठी दिवाणी न्यायालय गाठावे लागते. कोणाला हे अन्यायाचे वाटेल. पण कायद्याचा हिशेब असा की दहा ट्रकवाल्याला वकील परवडतो.

ही दुजाभावाची वागणूक कलमाकलमांत दिसते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पायोनियर अर्बन लँड या बिल्डर कंपनीचा करारनामा आला. ग्राहकाने हप्ता उशिरा भरला तर व्याज १८ टक्के, आणि पैसे परत करायची पाळी कंपनीवर आली तर ९ टक्के. बिल्डरचे म्हणणे असे की ग्राहकाने सही केली आहे. न्यायालयाने म्हटले, ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यावाचून ज्याच्यापुढे पर्यायच नव्हता, त्याच्यावर असा एकतर्फी करार लादता येणार नाही. तो अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो. पुढे २०२० च्या जुलैत अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करार' ही कल्पना थेट व्याख्येतच आणली आणि असे कलम रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना दिला.

आता दुसरे टोक. भारती निटिंग या कापड निर्यातदार कंपनीचे कागदपत्रांचे पाकीट डीएचएल कुरिअरकडून परदेशी वेळेत पोचले नाही आणि मोठे नुकसान झाले. पावतीवर बारीक अक्षरात लिहिले होते की भरपाई १०० डॉलरपर्यंतच मिळेल. खाली कंपनीची सही होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा मान्य केली. हे प्रकरण ग्राहक कायद्याखालीच लढवले गेले होते, हे विशेष. म्हणजे ग्राहक म्हटले की प्रत्येक सही आपोआप पुसली जाते, असेही नाही. घर घेणारे कुटुंब आणि रोज कुरिअर करणारी निर्यात कंपनी यांत न्यायालय फरक करते, आणि तो करावा असेच कोणीही म्हणेल.

बारीक अक्षरांचा विषय निघालाच आहे तर कळंबोलीतली एक बिल्टी हातात घेऊन पाहावी. पातळ कागद, खाली कार्बन प्रत, वर ट्रान्सपोर्टचे नाव आणि देवाचा फोटो. मधल्या चौकटीत नगांची संख्या, वजन, 'टू पे' किंवा 'पेड'. किंमतीचा रकाना बहुतेकदा कोरा, नाहीतर 'अ‍ॅज पर बिल'. एका कोपऱ्यात रबरी शिक्का : 'माल मालकाच्या जोखमीवर'. मागच्या बाजूला वीस-पंचवीस अटी, छपाई इतकी फिकट की त्या वाचल्याच जाऊ नयेत असा बेत असावा. या शिक्क्याला व्यापारी घाबरतात आणि किंमतीच्या कोऱ्या रकान्याकडे ढुंकून पाहत नाहीत. खरे तर उलट व्हायला हवे. 'मालकाच्या जोखमीवर' लिहिल्याने वाहतूकदार आपल्या निष्काळजीपणातून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे. पण मालाची किंमत आधी जाहीर केली नसेल, तर रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखाली भरपाई भाड्याच्या ठरावीक पटीपुरतीच मिळते. दुसरी मेख मुदतीची. माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली नाही, तर दावाच उभा राहत नाही. "बघतो, करतो, पुढच्या ट्रिपला वळता करून देतो" असे म्हणत सहा महिने सहज निघून जातात.

आणि हे सगळे बोलणे होते ते व्हॉट्सअ‍ॅपवर. पनवेलच्या बाजारात आता ऑर्डर, भाव, नमुन्याचा फोटो, तक्रार आणि माफी हे सगळे एकाच हिरव्या खिडकीत घडते. "मग हा करार धरला जातो का?" हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असावा. धरला जातो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली नोटीस बजावली गेली असे मानले, कारण निळ्या खुणा दाखवत होत्या की समोरच्याने ती नुसती घेतली नाही, उघडलीसुद्धा. अडचण करारात नसून पुराव्यात आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणावरून ठरायचे होते. त्या राजकीय भांडणातून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल आला, तो आज प्रत्येक दुकानदाराच्या कामाचा आहे : मूळ उपकरण न्यायालयात हजर करता येत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा. नुसत्या स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर विसंबणारा पहिल्याच फेरीत अडखळतो. आणि फोन बदलताना जुने चॅट उडवणाऱ्याला तर त्या फेरीपर्यंतही जाता येत नाही.

स्टँपपेपरबद्दलचे गैरसमज त्याच्या वासाइतकेच चिवट आहेत. १६ ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला, तेव्हा अनेकांना वाटले की आता करार पाचपट पक्का होणार. मुद्रांक हा सरकारी कर आहे, कराराला जडलेला प्राण नव्हे. तो कमी लावला तर कागद पुराव्यात घेण्याआधी फरक आणि दंड भरावा लागतो. करार मरत नाही. लवादाच्या कलमाबाबत हाच मुद्दा डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने निकालात काढला. महाराष्ट्रात मात्र एक पथ्य आहे. विकत घेतलेला स्टँपपेपर सहा महिन्यांत वापरावा लागतो, त्यामुळे 'लागेल कधीतरी' म्हणून कपाटात ठेवलेले कागद बाद होतात. आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीचा लाल शिक्का सही कोणी केली ते सांगतो, जागेचा हक्क देत नाही.

जागेवर आलो की पनवेलच्या खऱ्या दुखण्यावर बोट पडते. सिडकोने जमिनी घेतल्या, त्यापोटी प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के योजनेत विकसित भूखंड मिळाले. ते मिळावेत म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि १९८४ च्या जानेवारीत पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. एवढ्या किंमतीने आलेला भूखंड पुढे बाजारात फिरला तो पुष्कळदा साठेखत आणि कुलमुखत्यारपत्राच्या जोडीवर, एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. २०११ मध्ये सुरज लँप प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या जोडगोळीने मालकी जात नाही. त्यातही हे भूखंड सिडकोच्या भाडेपट्ट्यावरचे. महामंडळाची परवानगी, हस्तांतर शुल्क आणि त्रिपक्षीय करार यांच्याशिवाय सिडकोच्या दप्तरी नवे नाव लागत नाही. "सातबारावर माझे नाव आहे" हे उत्तरही अपुरे, कारण सातबारा ही महसुली नोंद आहे. विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात फार्महाऊसचे प्लॉट म्हणून गुंठ्यागुंठ्याने जमीन विकणाऱ्या जाहिरातींना भुलण्याआधी दोन जुने कायदे आठवावेत. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा पाडून विकण्यावर बंधने आहेत.

फ्लॅट घेणाऱ्याची स्थिती त्यामानाने पुष्कळ सुधारली. १ मे २०१७ पासून घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारे महारेरा प्राधिकरण कामाला लागले. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा लांबला तर ग्राहक पैसे व्याजासह परत मागू शकतो किंवा थांबून दरमहा व्याज घेऊ शकतो. हे व्याज दोन्ही बाजूंना एकाच दराने लागते. महाराष्ट्रात तो दर म्हणजे स्टेट बँकेचा कर्जाचा सर्वोच्च पायाभूत दर आणि वर २ टक्के. पायोनियर प्रकरणातले १८ आणि ९ इथे चालत नाहीत. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचा किंवा आठ सदनिकांपर्यंतचा प्रकल्प रेरा नोंदणीतून सुटतो, आणि गावठाणातल्या कितीतरी इमारती नेमक्या या मापात बसवलेल्या असतात. अशा घराच्या ग्राहकाला ग्राहक आयोग उघडा आहे. ज्यांना दोन्ही दारे उघडी आहेत त्यांनी कोणते निवडावे, हे त्यांच्या मर्जीवर. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही वाटा समांतर असल्याचे सांगितले आहे. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा दिलेल्या सोसायट्यांसाठी समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा २०२२ चा निकाल महत्त्वाचा. प्रमाणपत्र न देणे हा बिल्डरचा रोज नव्याने घडणारा कसूर आहे, म्हणून 'दोन वर्षे उलटली' ही सबब तिथे चालत नाही.

सिडकोच्या लिलावात भूखंड घेणारा मात्र ग्राहक नव्हे. जसा आहे तसा भूखंड पाहून बोली लावणाऱ्याला रस्ता-पाण्याच्या सोयी नाहीत म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही, असे २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात ठरले. सोयींसह घर देण्याची योजना काढली, तर तीच सरकारी संस्था सेवा देणारी ठरते.

भाडेकराराचे थोडक्यात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. कामोठे-खारघरमध्ये हजार-दोन हजार वाचवायला अकरा महिन्यांचा नोटरी करार करणाऱ्या मालकांना हे कलम सहसा माहीत नसते. भाडेकरूंना असते.

आता उधारी. तळोज्यातल्या आपल्या फॅब्रिकेशनवाल्याने एका मोठ्या कंपनीला गेट आणि जाळ्या पुरवल्या, बिल थकले. इथे तो ग्राहक नाही, पण सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने त्याला वेगळेच शस्त्र दिले आहे. करार असो वा नसो, पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. लेखी मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. दाद मागायची ती सुविधा परिषदेकडे. २०२३-२४ पासून आयकर खात्यानेही यात हात घातला आहे. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही, आणि या एका तरतुदीने मार्चअखेर जेवढी बिले निघाली तेवढी दहा वकिली नोटिसांनी निघाली नसती. यातली गोम कळंबोलीतल्यांनी लक्षात घ्यावी. लोखंडाची नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. थकबाकीचे हे शस्त्र उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला, व्यापाऱ्याला नव्हे.

व्यापाऱ्याच्या हाती उरतो तो चेक. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला, आणि त्यापुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. यातला एकही आकडा लवचीक समजू नये. उशिराला सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण ती तक्रारीच्या टप्प्यावर, नोटिसीच्या नाही. कोईमतूरच्या गिऱ्हाइकाने दिलेला चेक परतला तर कोईमतूरला जावे लागेल का? २०१४ साली दशरथ राठोड विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालाने काही काळ तशीच वेळ आणली होती. दुसऱ्याच वर्षी संसदेने कायदा बदलला. आता ज्या शाखेत पैसे घेणाऱ्याचे खाते आहे तिथले न्यायालय, म्हणजे पनवेलचे खाते असेल तर पनवेल. 'सिक्युरिटी'चा कोरा चेक सही करून दिला तरी तो कोरा राहत नाही. तो भरण्याचा हक्क घेणाऱ्याकडे जातो आणि देणे नव्हतेच हे सिद्ध करायचे ओझे सही करणाऱ्यावर येते.

भागीदारांसाठी एकच सूचना : फर्मची नोंदणी करा. नोंदणी नसलेल्या फर्मला आपली उधारी वसूल करायला दावा लावता येत नाही. महाराष्ट्राने १९८४ मध्ये त्याहून पुढे जाऊन अशा फर्मच्या भागीदारांना आपसातला हिशेब मागायचीही बंदी केली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

पैसे बुडाले की पहिली धाव मात्र पोलीस ठाण्याकडे असते. "चारशेवीस लावा साहेब." ते कलम आता ३१८ झाले आहे, आणि मुळात व्यवहार करतानाच फसवण्याचा इरादा असल्याशिवाय ते लागत नाही. नंतर पैसे नाहीत म्हणून हात वर करणारा करार मोडतो, गुन्हा करतोच असे नाही. ठाणे अंमलदार जेव्हा "हे दिवाणी आहे" म्हणतो, तेव्हा तो दर वेळी काम टाळत असतो असे नाही. दिवाणी म्हटल्यावरही थेट दावा दाखल होत नाही. तीन लाखांवरच्या व्यापारी दाव्यात तातडीच्या आदेशाची गरज नसेल, तर आधी मध्यस्थी करून पाहणे सक्तीचे आहे.

ठेवपावतीलाही करार म्हणण्याची पनवेलकरांना सवय नव्हती. कर्नाळा नागरी सहकारी बँकेने ती लावली. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये या बँकेचा परवाना रद्द केला. ठेवीदाराच्या वाट्याला तेव्हा जे आले ते ठेव विम्याचे : मुद्दल आणि व्याज मिळून एका व्यक्तीमागे ५ लाख, सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरून. ही मर्यादा २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत अवघी १ लाख होती. बँक दीड वर्ष आधी बुडती तर घराघरांतले चित्र अधिक भेसूर झाले असते. निवृत्तीचे सगळे पैसे एका बँकेत ठेवणाऱ्यांना तोवर माहीत नव्हते की जोडखात्यातल्या नावांचा क्रम बदलला तर विम्याचा हिशेब वेगळा धरला जातो. माहिती पावतीच्या मागे छापलेली नसते आणि काउंटरवरचा कारकून ती आपणहून सांगत नाही.

ग्राहक म्हणून उभे राहायचे ठरले की वाट कशी आहे? रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला. पेण-वडखळच्या रस्त्याच्या धास्तीनेच कित्येक तक्रारी पूर्वी घरीच जिरत. आता तक्रार ऑनलाइन दाखल होते, २०२५ पासून 'ई-जागृती' या पोर्टलवर, आणि सुनावणीही व्हिडिओवरून मागता येते. कंपनीच्या करारात 'फक्त दिल्लीच्या न्यायालयात' असे छापले असले तरी ग्राहक आपण राहतो तिथे तक्रार करू शकतो. लवादाचे कलमही त्याला अडवत नाही. हेच 'फक्त दिल्ली' व्यापाऱ्याच्या करारात असेल, तर त्याला मुकाट्याने गाडीत बसावे लागते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. मागितलेली भरपाई यात धरली जात नाही. ५ लाखांपर्यंत फी शून्य. वकील लागतोच असे नाही. मुदत दोन वर्षे. सामनेवाल्याला लेखी जबाबासाठी ३० आणि फार तर आणखी १५ दिवस. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, असे २०२० मध्ये घटनापीठाने ठणकावले. तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असे कायदा सांगतो. कायदा बऱ्याच गोष्टी सांगतो. निकालाविरुद्ध अपील करणाऱ्याला मात्र आधी निम्मी रक्कम भरावी लागते आणि आदेश न पाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे आदेश हाती आला की तो कागदावरच राहील ही भीती पूर्वीइतकी उरलेली नाही.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी अजून उरण नाक्यापासून नवीन पनवेलपर्यंत लटकते आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणे ही अनुचित प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा. पण रंग आवडला नाही म्हणून साडी परत घ्यायला कायदा दुकानदाराला भाग पाडत नाही. एवढा न्याय त्याच्या पदरीही पडला पाहिजे.

हे हक्क आपोआप आलेले नाहीत. १९८६ चा पहिला ग्राहक कायदा होण्याच्या दशकभर आधी बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. घाऊक भावाने आणलेले वाणसामान सदस्यांनी अंगणात वाटून घ्यायचे, इथून तिचे काम सुरू झाले. २०१८ पासून महारेराच्या सलोखा मंचांवर बिल्डरांच्या प्रतिनिधींसमोर ग्राहकांच्या बाजूने याच पंचायतीचे कार्यकर्ते बसतात.

उरतो एक प्रश्न, जो बहुतेक जण दबक्या आवाजात विचारतात : वकिलानेच काम बिघडवले तर त्याला ग्राहक आयोगात खेचता येते का? डॉक्टरांना १९९५ पासून येते. वकिलांना नाही. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वकिली ही वेगळ्या जातीची सेवा आहे, तिच्यावर अशिलाचे नियंत्रण असते, म्हणून ती या कायद्यात बसत नाही. असे ठरवणारेही एके काळचे वकीलच, अशी कुरकुर त्यावर झाली. अशिलाला दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा लावता येतो आणि गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते. तिच्यासोबत वकीलपत्राची प्रत आणि फीची पावती जोडावी. ती घेतली असेल तर.